चष्म्याखालचं तोंड

खामगावातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी एकदा एका सद्गृहस्थाला वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदाच लेन्स लावून खुर्चीतून उठलो होतो आणि दाराकडे निघालो होतो. समोरून एक माणूस येत होता. माझ्याच वयाचा, अंगानं बारीक, डोळे मोठे, आणि कशानं तरी दचकल्यासारखा चेहरा. दुकान अरुंद, म्हणून मी बाजूला सरलो. तोही सरला, आणि नेमका त्याच बाजूला. मी म्हटलं, "या दादा, तुम्ही व्हा पुढं." तो काही पुढं होईना. मी मान तुकवली, त्यानंही तुकवली. तेव्हा मागून माझी मुलगी फिस्सकन हसली.

"बाबा, आरसा आहे तो."

दुकानातल्या ताई हसल्या, मी हसलो, आरशातलाही हसला. तो जरा उशिरा हसला असं मला उगीचच वाटलं.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की तो चेहरा मी कधी पाहिलेलाच नव्हता. माझा नंबर इतका जाड की चष्मा काढला तर आरशात एक गव्हाळ डाग दिसतो, आणि लावला तर चष्मा दिसतो. दाढीसुद्धा मी चष्मा लावून करतो, साबणाचा निम्मा फेस काचांना लागतो. म्हणजे मोठेपणीचं माझं उघडं तोंड जगानं थोडंफार पाहिलं असेल, मी नाही. तरीही त्या माणसाकडे पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला आपण कुठंतरी पाहिलंय.

लेन्सचा हा सगळा खटाटोप मुलीचा. ती पुण्याला नोकरीला. मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलेलं. "बाबा, एकाही फोटोत तुमचे डोळे नाहीत. नुसत्या दोन ट्यूबलाइट दिसतात," असं म्हणून तिनं मला दुकानात नेलं, डबी आणि पाण्याची बाटली हातात दिली, आणि आपण पुण्याला निघून गेली. मी राहिलो, आणि बोटाच्या टोकावर ती ओली पापुद्र्यासारखी चकती राहिली. डोळ्यात घालायला जावं तर डोळा मिटायचा. डोळा उघडा धरावा तर तोंडही उघडायचं. एकदा चकती पडली म्हणून बायकोनं बॅटरी घेऊन सगळी मोरी धुंडाळली, आणि ती सापडली माझ्या मिशीत. लेन्स लावल्यावर जवळचं वाचायला वेगळा चष्मा लागतो, हे तर मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. चष्मा घालवायला गेलो आणि घरात एक चष्मा वाढला.

त्यापेक्षा वेगळं असं काही होतं, ते मी कोणाला बोललो नाही. माझ्या जाड काचांतून जग नेहमी जरा लहान आणि जरा लांब दिसायचं. मला वाटायचं जग तेवढंच आहे. लेन्स लावल्या आणि सगळं मोठं होऊन जवळ आलं. माझे हात मला दुसऱ्याचे वाटायला लागले. दार वेळेआधी यायचं. समोरच्या माणसाचा चेहरा इतका पुढं यायचा की मी मागं सरायचो. शाळेत मी वर्षानुवर्षं गणित शिकवतो, पोरं काही मला घाबरणारी नव्हेत. चष्म्याशिवाय वर्गात गेलो त्या दिवशी मात्र वर्ग गप्प. मी खूश झालो. तास संपता संपता लक्षात आलं, ती शिस्त नव्हती. अनोळखी माणूस शिरल्यावर जनावरं कान टवकारून उभी राहतात, तसली ती शांतता होती.

आणि घरात बायको. सकाळी मी मोरीतून बाहेर आलो की ती डोक्यावरून पदर घ्यायची. मी म्हणालो, "अवं, मी हाय." ती म्हणाली, "माहीत हाये मले. पण हात आपोआप जाते." दोन घास खाऊन ती थांबायची. "अहो, चष्मा लावा ना घडीभर. मले जेवायचं हाये."

"लेन्सवर चष्मा लावला तर मला काही दिसणार नाही."

"तुमाले नाई दिसलं तं नाई. मले तं दिसाल."

मी हसलो. पण रात्री चूळ भरताना आरशात पाहायचं मी टाळायला लागलो होतो.

आता काकांचं सांगायला हवं.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पुढं, फाट्यावरून आत. तिथं माझा धाकटा भाऊ शेती पाहतो, आणि आमच्या काकू त्याच्याकडं असतात. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मी अगदी लहान असताना ते एका सकाळी आठवडी बाजाराला म्हणून पिशवी घेऊन निघाले, आणि आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, काही नव्हतं. वडिलांनी पोलीस केले, देवस्थानं पाहिली, कोणी सुरतेला पाहिल्याचं सांगितलं तर सुरतेला जाऊन आले. काका नाहीत ते नाहीतच. घरात त्यांचा एक फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात नेमकी त्यांनी मान हलवलेली. अंगरखा स्वच्छ, चेहऱ्याच्या जागी धूर.

काका गेले तेव्हा मला चष्मा नव्हता. मला दिसत नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मला वाटायचं माणसं अशीच असतात, अंगणाच्या पलीकडं गेली की विरघळतात आणि परत येताना हळूहळू घट्ट होतात. काका लिंबाखालून गेले, पांढरे झाले, पातळ झाले, विरघळले. बाकीची माणसं परत घट्ट झाली. काका झाले नाहीत. त्यांची तंबाखू मला आठवते, खाकरणं आठवतं, खांद्यावर बसवायचे तेव्हा कानाला लागणारे त्यांचे केस आठवतात. चेहरा आठवत नाही, कारण तो मी पाहिलेलाच नाही.

काकूंनी मात्र ठरवून टाकलं होतं की माणूस वाटेत आहे. पाटीत रोज एक भाकर वरची. फळीवर काकांचं पितळी ताट, चिंच लावून घासलेलं, त्यात कोणी जेवायचं नाही. आमच्याकडं पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावानं एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात, त्याला पित्तर म्हणतात. तो घरचा चालत नाही, बाहेरचा लागतो. वडिलांच्या तिथीला दरवर्षी भाऊ भीत भीत काकूंना विचारायचा, "काकांच्या नावानं एक घास टाकू का?" आणि दरवर्षी काकू म्हणायच्या, "जित्या माणसाले कोणी घास टाकते का बे?" विषय तिथंच मिटायचा. पण काकू आता थकल्या होत्या. दोनदा पडल्या. भाऊ मला फोनवर म्हणायचा, "दादा, त्या रातभर दाराकडं तोंड करून झोपतात. त्यायचा जीव त्या दारात अडकून राह्यला. जातानाही अडकन." हरवलेल्या माणसाला मेला म्हणायचं कोणी? काकूंशिवाय तो अधिकार कोणाला नव्हता, आणि काकू म्हणणार नव्हत्या.

यंदा वडिलांच्या तिथीला बायको सकाळच्या गाडीनं पुढं गेली, स्वयंपाकाला. मी मागून निघालो. उशीर झाला कारण डाव्या डोळ्यातली लेन्स बसता बसेना. चष्मा खिशात टाकला आणि काळीपिवळी जीपनं येऊन फाट्यावर उतरलो.

पानठेल्यासमोर आबा बसले होते. हे गावातले म्हातारे, वडिलांचे सोबती. दरवर्षी वडिलांचं पित्तर म्हणून तेच आमच्याकडं जेवतात. मला ते 'मास्तर' म्हणतात आणि मान देऊन बोलतात. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पाहत राहिले.

"आलास?"

"आलो, आबा."

"लय दिवस लावले बे."

"काय करता, डोळ्यानं घात केला," मी म्हणालो. माझ्या डोक्यात अजून लेन्सच.

"घरी जाऊन आला?"

"आत्ता तर उतरलो."

"मंग जाय ना लवकर. वाट पाहून राह्यली बिचारी."

'बिचारी' हा शब्द माझ्या बायकोला लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणून मला हसू आलं. आबा हसले नाहीत. मी चालू लागलो तरी ते उठून उभेच होते, आणि हातातलं पान त्यांनी खाल्लं नव्हतं. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की आबा मला कधी 'बे' म्हणत नाहीत. भर दुपार. ऊन असं की सोयाबीनच्या शेंगा तडकलेल्या ऐकू येत होत्या. मला एकदम गार वाटलं.

घरी ओसरीत काकू सुपारी कातरत बसल्या होत्या. मी लिंबाखालून अंगणात आलो आणि अडकित्त्याचा आवाज थांबला.

त्या ओरडल्या नाहीत, उठल्या नाहीत. नुसत्या पाहत राहिल्या, आणि मला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अंगणाच्या या टोकावरून स्पष्ट दिसत होतं. चष्म्यातून एवढं लांबचं कधी दिसलं नसतं. माझा हात खिशातल्या चष्म्याकडं गेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "नको लावू. इकडं ये."

मी जाऊन पुढ्यात बसलो. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. कपाळ, भुवया, गाल, सगळं हळूहळू चाचपत खाली आल्या. नाकावर चष्म्याचे जुने दोन खड्डे आहेत, तिथं त्यांची बोटं थांबली.

"हे खड्डे तेवढे तुहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं त्याचं हाये."

आतून बायको हात पुसत आली आणि दारातच थांबली. पेटवलेली गोवरी चिमट्यात धरून भाऊ आला, तोही थांबला. आरशातला माणूस मला कुठं भेटला होता ते तेव्हा मला कळलं. भेटला नव्हताच. एवढी वर्षं तो माझ्याच चष्म्याखाली बसून होता.

"काकू, मी आहे," मी म्हणालो. "तुमचा पुतण्या. मी लेन्स..."

"मले काय येड लागलं का? तू कोण हाये ते मले माहीत हाये." मग भावाकडं वळून म्हणाल्या, "दुसरा पाट मांड."

भाऊ चाचरला. "कोणासाठी, काकू?"

"तुह्या काकासाठी. हा बसन."

"काकू, घरचा माणूस पित्तर बसत नाई. आबा तर म्हणतात..."

"मंग त्याच्या तोंडाचा दुसरा आण," काकू म्हणाल्या. "जाय, गावात पाहून ये. मी थांबते."

भाऊ कुठं जाणार? त्यानं पाट मांडला.

आबा आले ते माझ्या शेजारच्या पाटावर बसले, वडील म्हणून. एरवी जेवण होईस्तोवर त्यांचं तोंड चालू असतं. आज गप्प. भावानं त्यांचे पाय धुतले. माझ्यापुढं काकू स्वतः तांब्या घेऊन बसल्या. मी पाय ओढून घेतला.

"काकू, काय करून राह्यल्या? मी लहान हाय तुमच्याहून."

त्यांनी माझा घोटा धरला. म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "तू लहान हाये, बापू," त्या म्हणाल्या. "तो नाई."

पाणी गार होतं. मी खाली पाहिलं, तर पाय माझे वाटेनात. मोठे, जवळ आलेले, धुळीनं भरलेले. फाट्यापासून घर ते काय एवढंसं अंतर. एवढी धूळ?

मग फळीवरून पितळी ताट उतरलं. खीर, वडे, कढी, गवार, कारलं. पित्तराच्या ताटाला कारलं लागतंच. मी वासानंच तोंड फिरवतो आणि दरवर्षी ते गुपचूप भावाच्या ताटात सरकवतो, हे घरातल्या मांजरालाही माहीत आहे. भावानं गोवरीच्या विस्तवावर तूप सोडलं, घास टाकला वडिलांच्या नावानं. मग थांबून काकूंकडं पाहिलं.

"टाक," काकू म्हणाल्या.

त्यानं दुसरा घास टाकला आणि काकांचं नाव घेतलं. त्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. धूर उठला आणि सरळ माझ्याकडं आला. बाकी सगळे सोडून माझ्याच डोळ्यांत. लेन्सखाली चरचरलं, आणि डोळ्यांतून अशा धारा लागल्या की मला थांबवता येईनात. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, की धूर आहे, लेन्स आहेत, डोळे धुवावे लागतील.

काकू वाकल्या आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "कुठी गेल्ता ते मी इचारत नाई. जेव."

एवढं ऐकल्यावर मी धुराचं काय सांगणार? मान खाली घातली आणि जेवलो. समोर नुसतं पाणी आणि पितळेची पिवळी चकाकी. आणि एक हात, बांगड्या वाजत येणारा, वाढून मागं जाणारा. काय खाल्लं मला आठवत नाही. कोणी बोलल्याचंही आठवत नाही. डोळे निवळले तेव्हा ताट रिकामं होतं, बोट फिरवल्यासारखं साफ, आणि काकू समोर बसून माझ्याकडं बघत होत्या. चेहरा कसा, तर गाडी फलाटाला लागल्यावर सामान आत ठेवून झालेल्या माणसासारखा.

आबांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी मागच्या मोरीत जाऊन डोळ्यांतल्या चकत्या काढल्या. दोन्ही पहिल्या झटक्यात निघाल्या, एरवी अर्धा तास जातो. चष्मा लावला. जग लहान झालं, लांब गेलं. ओसरीत आलो तर काकूंनी मान वर करून पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, चहा घेऊन जा." जसा काही मी आत्ताच आलो होतो.

भावजय हळूच काकूंच्या कुंकवाकडं बघत होती, पुढं काय होतं म्हणून. काकूंच्या ते लक्षात आलं. "पाहू नको तशी," त्या म्हणाल्या. "कुंकू मी लावलेलं हाये, मीच ठेवीन. त्याचं जेवण तेवढं राह्यलं होतं. झालं." मग पितळी ताट घासून, पुसून त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिलं. "पोरीले दे लग्नात. फळीवर ठेवू नको म्हणा. जेवा म्हणा त्यात."

निघताना मी वळून पाहिलं. काकू ओसरीतच कलंडल्या होत्या, कुशीवर, दाराकडं पाठ करून, गाढ.

परतीच्या काळीपिवळीत बायको ताट मांडीवर धरून बसली होती. नजर ताटावर. मी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो, "आज आयता मान मिळाला बुवा. पाय काय धुतले, पदरानं तोंड काय पुसलं. आता घरी सवय मोडायला जड जाणार."

ती हसली नाही. माझ्याकडं नीट बघून घेतलं, आधी चष्मा, मग त्याच्या आत.

"तुमाले आठवते का," ती म्हणाली, "तुम्ही कारलं मागून घेतलं?"

"मी?"

"एकदा नाई, मागून मागून. काकू वाढून राह्यल्या अन् तुम्ही ताट पुढं करून राह्यले. भाऊजींनं माह्याकडं पाह्यलं, मी त्यायच्याकडं." तिनं ताटाची कड पदरानं पुसली. "सैपाकघरात काकू मले सकाळीच सांगत होत्या, त्याले कारलं लय आवडे म्हणून."

गाडी खड्ड्यातून गेली, ताट वाजलं, तिनं ते हातानं दाबून धरलं.

"उद्या घरी कारलं करते," ती म्हणाली. "तुम्ही ते नेहमीसारखं बाजूला सरकवलं, तं पोरीच्या लग्नात लेन्स लावा खुशाल."